ढासळत्या संयमाचा आलेख

माणसाला छंद असावा असं सगळेच म्हणतात, पण तो कुठला असावा याबद्दल मात्र प्रत्येकाची मतं पक्की असतात. तिकिटं जमवणाऱ्याला लोक अभ्यासू म्हणतात, झाडं लावणाऱ्याला रसिक म्हणतात, आणि जिओकॅशिंग करणाऱ्याला विचारतात, "म्हणजे तुमचं नेमकं हरवलंय काय?"

हरवलेलं काही नसतं. कोणीतरी एक डबी कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीच्यांनी ते आकडे मोबाइलमध्ये भरून तिथे जायचं, डबी शोधायची, आतल्या चिटोऱ्यावर सही करायची, डबी होती तिथे ठेवायची आणि घरी येऊन 'सापडली' अशी नोंद करायची. नाही सापडली तर तसंही लिहायचं. डबीत कागदाशिवाय काय असतं, हे मला आजवर भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं आहे. काही नसतं. हे ऐकल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे बघत नाही, माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघतो.

देशभरातले आम्ही सगळे मिळून एका शाळेच्या सभागृहात मावू आणि तरी मागच्या रांगा मोकळ्या राहतील. पण म्हणून राष्ट्रीय संघटना काही कमी राष्ट्रीय होत नाही. या संघटनेची वार्षिक आकडेवारी मी करतो. विमा कचेरीत दिवसभर इतरांच्या अपघातांची टक्केवारी काढून झाल्यावर संध्याकाळी घरी येऊन डब्यांची टक्केवारी काढायला मला मनापासून आवडतं. लोक झाडाखाली जास्त लपवतात की पुलाखाली, पावसात शोध किती घटतो, सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको जोडीने शोधायला निघाले तर अपयशाचं प्रमाण का वाढतं, हे सगळं मी आलेखांसकट मांडतो. संघटनेत मला 'ध्रुवतारा' या टोपणनावाने ओळखतात. ते मीच घेतलेलं आहे, हे सांगायची इथे गरज नाही.

तर त्या वर्षी मी स्वतःची पहिली डबी लपवली. ओढ्यावर एक लोखंडी पादचारी पूल आहे, त्याच्या कठड्याला ओळीने बोल्ट आहेत. त्यांच्यासारखाच एक पोकळ बोल्ट मी घडवून घेतला, आत कागदाची सुरळी घातली, खाली चुंबक बसवला आणि त्या ओळीत चिकटवून दिला. संकेतस्थळावर काठिण्याच्या रकान्यात 'सोपी' असं लिहिलं. नवख्या शोधकांना उत्तेजन मिळावं एवढाच शुद्ध हेतू होता.

पहिली नोंद आली: 'सापडली नाही.' मी हसलो. दुसरी आली: 'सापडली नाही. कुंपण दाट आहे.' पुलाला कठडा असतो, कुंपण नसतं, पण आजकाल लोकांच्या भाषेची काय अवस्था आहे हे मला कचेरीत रोज दिसतं. मी खाली उत्तर लिहिलं, 'अधिक बारकाईने पाहावे.' पुढे नोंदींची रीघ लागली. सापडली नाही, सापडली नाही, दोनदा आलो तरी सापडली नाही, सापडली नाही पण जागा छान.

संघटनेच्या वतीने डब्या तपासणारी जी व्यक्ती आहे, तिचं टोपणनाव 'घुबड'. आम्ही कधी भेटलो नव्हतो. पण पत्रांच्या सुरावरून माझ्या डोळ्यांसमोर झुपकेदार मिशांचा एक तिरसट गृहस्थ होता. घुबडाने मला लिहिलं, 'आपली डबी जागेवर आहे का, याची खात्री करावी.' मी ताबडतोब पुलावर गेलो. बोल्ट जागच्या जागी, कागद कोराकरकरीत. छायाचित्र काढून पाठवलं आणि सोबत लिहिलं, 'डबी जागेवर आहे. शोधणाऱ्यांची नजर जागेवर नाही.' घुबडाने पुन्हा विचारलं, 'दिलेल्या आकड्यांवरून चालत जाऊन पाहिलंत का?' हा मात्र मला अपमान वाटला. स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला कोणी नकाशा उघडतो का? मी उत्तर दिलं नाही.

त्याऐवजी मी विचार केला, आणि माझं हे नेहमीच चुकतं. वर्षाची आकडेवारी मांडताना मला दिसलं की आमच्या शहरात सोप्या डब्यांच्या बाबतीत अपयशाची रेघ एकदम वर चढली आहे. आमच्याएवढ्या संघटनेत एका शहराची रेघ चढली की देशाचीही चढते. डबी ठणठणीत, जागा उघड्यावर, तरी सापडत नाही. म्हणजे दोष माणसांत. मी लेख लिहिला: 'मध्यम शहरांतील शोधकांच्या संयमाचा ढासळता आलेख'. त्यात कारणं दिली. मोबाइलचं वेड, मऊ खुर्च्या, आईवडिलांचे लाड. लेख संघटनेच्या पत्रिकेत पहिल्या पानावर आला. कुठल्याशा दूरच्या शहरातल्या एका सभासदाने मला 'डोळे उघडलेत' असं कळवलं. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

"छान," ती म्हणाली. "बाबांकडे जाऊन या जरा. हल्ली खुशीत असतात. माणसं येतात-जातात म्हणे."

बाबा म्हणजे माझे सासरे. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू पकडले, आणि पकडायला दुकानदार उरले नाहीत तेव्हा जावई होताच. सासूबाई गेल्यापासून ते दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत होते. 'आमच्याकडे चला' म्हटलं की 'माझं घर आहे की' म्हणायचे. माझ्या छंदाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "डबा शोधायचा तर स्वयंपाकघरात शोधावा." पण त्या वर्षी मात्र त्यांच्यात काहीतरी बदललं होतं. मी गेलो की चांगली खुर्ची मला द्यायचे. तब्येत विचारायचे. एकदा तर गेटपर्यंत सोडायला आले आणि काही बोलायचं असल्यासारखे घुटमळले, मग म्हणाले, "जपून जा हं, जावईबापू." लेखाचा परिणाम, दुसरं काय. कीर्ती शेवटी घरापर्यंत पोचतेच, असं मला वाटलं आणि मी नम्रपणे मान हलवली.

लेखाचा आणखी एक परिणाम झाला. संघटनेने ठरवलं की यंदाचं राष्ट्रीय संमेलन आमच्याच शहरात घ्यायचं. सकाळी सर्व सभासदांनी मिळून माझी डबी शोधायची, म्हणजे संयम नेमका कुठे ढासळतो हे प्रत्यक्ष दिसेल, आणि दुपारी माझं व्याख्यान. मी नवीन शर्ट घेतला.

बातमी इमारतीत पसरली. वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात थांबले. हे वकील फुकट सल्ला देतात, आणि त्यांची वकिली का चालत नाही याचं उत्तर त्या सल्ल्यातच असतं.

"पूल सरकारी आहे ना?" ते म्हणाले. "एवढी माणसं बोल्ट चाचपायला लागली तर तोडफोडीचा मामला होतो. तुम्ही लेखी परवानगी घ्या."

"एका डबीसाठी?"

"डबी म्हणू नका. बोल्ट म्हणा. डबी म्हटलं की पोलिस येतात."

मी पुलांच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. बोल्ट काढायचा अर्ज त्यांच्याकडे होता, बोल्ट दुरुस्तीचाही होता. पण कामाचा नसलेला बोल्ट आहे तिथेच राहू द्यावा, असा अर्ज आजवर कोणी केला नव्हता. शेवटी त्याने मला 'बोल्ट कमी असल्याची तक्रार' हा अर्ज दिला, कारण त्यातल्या त्यात तोच जवळचा होता. मी भरला. संमेलनाला थोडेच दिवस उरले असताना पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी लागली: 'तपासणीसाठी पूल बंद'.

ओढ्यापलीकडे शाळा, बाजार, सगळं. लोक लांबच्या रस्त्याने वळसा घालून जाऊ लागले आणि जाताना माझं नाव घेऊ लागले, कारण वकिलांनी ते सगळ्यांना सांगितलं होतं. समोरच्या वहिनी भाजीची पिशवी जमिनीवर ठेवून मला म्हणाल्या, "तुम्हाला पडायचं असेल तर दुसरा पूल नव्हता का?" तपासणीत पूल भक्कम निघाला; पण आलोच आहोत तर रंग तरी मारू, म्हणून कामगारांनी तो हिरवा रंगवला. माझ्या बोल्टसकट. रंगाने तो कठड्याला असा बसला की नखाने खरवडून सोडवताना माझी दोन बोटं हिरवी झाली आणि एका पोलिसाने मला नाव-पत्ता विचारला. मी बोल्ट म्हटलं, डबी म्हटलं नाही. त्याने तरी लिहून घेतलं.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी पूल उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन शर्ट घालून पुलाच्या मध्यावर उभा राहिलो. हातात कॅमेरा, खिशात भाषण. देशभरातली माणसं कुठल्याही क्षणी ओढ्याच्या काठाने येतील, बोल्टवरून नजर फिरवतील आणि पुढे निघून जातील, असं माझं अनुमान होतं. कोणी आलं नाही. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. परत आली. कुत्र्याने माझी ओळख करून घेतली. तरी कोणी नाही. संयम ढासळला हे खरं होतं, पण इतका ढासळला असेल असं माझ्याही लेखात नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?"

"पुलावर. का?"

"इथे बाबांकडे या. तुमची सगळी राष्ट्रीय संघटना बाबांच्या कुंपणात शिरलीय."

मी धावलो. नवीन शर्टाचा तिथेच निकाल लागला. सासऱ्यांच्या गल्लीत शिरलो तर त्यांच्या घराभोवतीच्या झुडपांमधून ओळीने पाठी दिसत होत्या. बायका, पुरुष, एक आजोबा गुडघ्यांवर. हातात मोबाइल धरून सगळे एकाच जागेभोवती गोल फिरत होते. आणि सासरे गेटजवळ खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी, दुकानदारांच्या रांगेवर लक्ष ठेवल्यासारखे.

"खालून बघा, खालून," ते एकाला सांगत होते. "वरून सगळ्यांनी बघून झालंय. चहा होतोय, दमानं घ्या."

माझे पाय गेटशीच थांबले. एक सडपातळ बाई कुंपणातून बाहेर आल्या, कपाळावरची पानं झटकली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "ध्रुवतारा का? मी घुबड." मिशा नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "अक्षांश-रेखांश टाकताना मिनिटांच्या पुढे तुम्ही सेकंद लिहिलेत. तिथे मिनिटाचे दशांश लिहायचे असतात. मला वाटलंच होतं. म्हणून तर म्हटलं, चालत जाऊन बघा."

मी जन्मभर आकड्यांवर पोट भरलं आहे. एका क्षणात सगळं समजलं. कुंपण दाट आहे, जागा छान. वर्षभर माणसं माझ्या पुलाऐवजी इथे येत होती, या झुडपांत डोकं घालून परत जात होती, आणि मी घरी बसून त्यांच्या आईवडिलांच्या संस्कारांवर लेख लिहीत होतो.

"आमच्यात चुकीला माफी असते," घुबड म्हणाल्या. "लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. दुपारी सांगून टाका. आकडेवारी राष्ट्रीय आहे, ती दुरुस्त व्हायलाच हवी. मुद्दाम नसलेली डबी दाखवली असती तर गोष्ट वेगळी होती. त्याला मात्र माफी नाही."

मी मान डोलावली. हसू होणं म्हणजे काय, याचा मी अंदाज घेत होतो, तेवढ्यात सासऱ्यांनी काठीने मला खुणावलं. मी त्यांच्या खुर्चीजवळ गेलो.

"बसा," ते म्हणाले. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ओट्यावर टेकलो. "बरेच दिवस बोलायचं होतं. जमलं नाही. पहिली दोन माणसं आली तेव्हा मी काठी घेऊन बाहेर आलो होतो. मांजर हरवलं म्हणाले. पुढचा म्हणाला, ध्रुवतारा म्हणून कोणी आहेत, त्यांची डबी शोधतोय. ध्रुवतारा म्हणजे तुम्ही, हे मला ठाऊक होतं. मग मीही शोधली. कुंपणाचं पान न् पान तपासलं. मी वजनमापे खात्यात नोकरी केलीय, जावईबापू, असलेली वस्तू माझ्या हातून सुटत नाही. डबी नाहीच. तेव्हा ओळखलं."

"काय ओळखलं?"

"की तुम्ही माणसं पाठवताय." ते समोर कुंपणाकडे बघत होते. "ही गेल्यावर घरात आवाजच नव्हता. तुमच्याकडे या म्हणता, पण ते मला जमत नाही. मग तुम्ही ही युक्ती काढली. आठवड्याला दोघं-तिघं येतात, चहा घेतात, कुठल्या गावचे ते सांगतात. एकदाही बोलून दाखवलं नाहीत तुम्ही. मला तुम्ही जरा हे वाटायचात." त्यांनी 'हे' म्हणजे काय ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लाज वाटली ती आकड्यांची नव्हती. दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या माणसाचं घर किती गप्प झालंय, हे मला वर्षभरात एकदाही सुचलं नव्हतं. ते माझ्या चुकीला सुचलं होतं.

दुपारी सभागृहात मागच्या रांगा मोकळ्या होत्या आणि पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून सासरे बसले होते. शेजारी बायको, तिच्या पलीकडे घुबड. पडद्यावर माझा आलेख लाल रंगात वर चढलेला. मी समोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आकडेवारी नकोशी झाली. आलेख तसाच मांडावा, तर देशभरातल्या भल्या माणसांना खोटं सांगायचं. चूक सांगावी, तर पहिल्या रांगेतल्या माणसाला कळणार की त्याच्या घरी कोणी कोणाला पाठवलंच नव्हतं.

"सभासदहो," मी म्हणालो, "हा आलेख रद्द समजावा. तुमचा संयम ठीक आहे. त्या कुंपणात डबी कधीच नव्हती."

खुर्च्या करकरल्या. घुबड पुढे वाकल्या.

"ते आकडे," मी म्हणालो, "मी मुद्दाम टाकले होते. तिथे एक गृहस्थ एकटे राहतात. त्यांच्याकडे कोणी यावं-जावं म्हणून मी तुम्हाला पाठवत होतो. नोंदी खोट्या नव्हत्या, डबी खोटी होती. माझ्या शहराचे आकडे सगळे वगळून टाकावेत."

मधल्या रांगेतला एक जण उठला. "म्हणजे मी रजा काढून, रेल्वेने, दोनदा आलो, ते चहासाठी?"

तेवढ्यात सासरे उठले. त्यांनी मागे वळून त्या माणसाला नीट न्याहाळलं.

"दुसऱ्या वेळी पावसात भिजून आला होतात ते तुम्हीच ना? टॉवेल दिला होता मी. तक्रार असेल तर घरी येऊन करा. पत्ता तुम्हाला ठाऊकच आहे."

आधी तो माणूसच हसला, मग बाकीचे. पण नियम तो नियम. माझी डबी यादीतून काढून टाकण्यात आली, आणि नसलेली डबी दाखवल्याबद्दल ध्रुवताऱ्याला वर्षभर आकडेवारीच्या कामातून दूर करण्यात आलं. ठराव घुबडांनीच वाचला. वाचताना त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मिनिटं-सेकंदांबद्दल एक अक्षर काढलं नाही. पत्रिकेत माझा उल्लेख 'एक सभासद' असा आला. एवढी वर्षं राबून मिळवलेलं नाव असं एका दुपारी गेलं, आणि खरं सांगतो, मला ते बोचलं. अजूनही बोचतं.

घरी आल्यावर बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "खरं सांगा. तुम्ही मुद्दाम पाठवत होता?"

"का? सभेत सांगितलं की."

"तुम्हाला एवढं सुचत नाही."

"नाही सुचत," मी कबूल केलं.

"आकडे चुकले?"

"चुकले."

तिने माझ्या हाताच्या बोटांवर अजून राहिलेला हिरवा रंग रॉकेलच्या बोळ्याने पुसायला घेतला. "बाबांना सांगू नका हं कधी," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात संकेतस्थळावर आमच्या शहरातली एक नवीन डबी झळकली. लपवणाऱ्याचं टोपणनाव 'सासरा', मंजुरी घुबडांची, काठिण्याच्या रकान्यात 'सोपी'. आकडे बिनचूक होते. बायकोने वडिलांबरोबर तिथे उभं राहून घेतले होते. रविवारी मी गेलो. कुंपण खालून बघितलं, वरून बघितलं, आतून बघितलं. गेटच्या बिजागरीत, कुंडीखाली, नळाच्या तोटीमागे हात घातला. माझ्या आधी तीन जणांना ती सापडली होती, त्यातला एक रेल्वेने आलेला. सासरे खुर्चीत बसून माझ्या हालचाली बघत होते आणि एक शब्दही मदत करत नव्हते. ऊन उतरलं, माझी पाठ भरून आली, तेव्हा ते आत जाऊन दोन कप घेऊन बाहेर आले.

"राहू द्या आता," मी म्हणालो. "नाही सापडत."

"बसा मग," ते म्हणाले. या वेळी दुसरी खुर्ची आधीच मांडलेली होती. "घाई आहे का घरी जायची?"

"नाही," मी म्हणालो. मी बसलो आणि कप हातात घेतला.